वहिनींचा डावा हात

माणसाला आपल्या शिरांची आठवण होते ती फार तर घशाच्या शिरा ताणून कुणी भांडू लागले म्हणजे. आमच्या कर्जतच्या घरात मात्र गेले वर्षभर शिरा हाच बोलण्याचा विषय होता, आणि त्याही फक्त वहिनींच्या डाव्या हाताच्या.

वहिनींच्या उजव्या स्तनाची कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठी काढल्या, म्हणून तो हात सुईला वर्ज्य. पुढे केमोथेरपीच्या आठ पाळ्या, दर तीन आठवड्यांनी एक. या रोगासाठी गाडीने परळ गाठणे इकडच्या माणसांना नवे नाही. टाटा रुग्णालय तिथे १९४१ सालापासून आहे. वहिनींचे उपचार मुंबईतल्या दुसऱ्या एका इस्पितळात झाले.

पहिल्या पाळीनंतर मनगटाजवळची शीर लाल झाली, गरम लागू लागली आणि पुढे चक्क सुतळीसारखी कडक झाली. वहिनींचे माहेर खालापूरचे. खबर पोहोचताच खोपोलीहून गाडी धरून मावशी आल्या, त्या आंबेहळद आणि शेकायला मिठाची पुरचुंडी घेऊनच. वहिनी म्हणाल्या, “आधी सिस्टरना विचारू या.” विचारले ते बरे झाले. शेक ऊन की गार, हे औषधावरून ठरते. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध शिरेबाहेर झिरपले तर गार शेक देतात, व्हिन्क्रिस्टिनला ऊन. हे व्हिन्क्रिस्टिन निघते सदाफुलीपासून! मावशींच्या अंगणात तिची चार रोपे आहेत. त्या दिवसापासून त्या तिच्याकडे जरा बिचकूनच पाहतात.

सिस्टरांनी समजावले ते असे. औषध तीव्र, शिरेचे आतले अस्तर नाजूक. शीर बारीक असली तर रक्त थोडे, म्हणजे औषध पातळ होत नाही. म्हणून मनगट, कोपर टाळायचे आणि मधली जाड, सरळ शीर धरायची. नळी मात्र बारीकच, नीट चिकटवलेली. हलली की ती आतून घासते. औषधाच्या आधी आणि नंतर शीर सलाईनने धुवायची. पुढच्या पाळीला जागा नवी.

“आणि आग झाली की त्याच क्षणी सांगायचे,” सिस्टर म्हणाल्या. वहिनी गप्प. मग हळूच, “आग होत होती हो. पण तुमची किती धावपळ, म्हटले कशाला त्रास द्या.”

तीस वर्षे या बाईने तापातही पोळ्या लाटल्या, आणि आम्ही त्याला गुण म्हणत आलो. एकच हात, सात पाळ्या बाकी. तिथे हा गुण परवडणारा नव्हता. भावाने दर वेळी शेजारी बसून पाच-पाच मिनिटांनी “आग होतेय का?” विचारण्याचा सपाटा लावला. शेवटी वहिनीच चिडून म्हणाल्या, “झाली तर ओरडेन!” तिसऱ्या पाळीला त्या खरोखरच ओरडल्या. औषध लगेच थांबले, नळी दुसरीकडे बसली, शीर वाचली.

पाचव्या पाळीला डॉक्टरांनी दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत लांब नळी घातली. ती आठवड्याला धुणे, पट्टी बदलणे, आंघोळीला हात कोरडा ठेवणे ही नवी कटकट आली. पण दर वेळी शीर शोधणे संपले.

मावशींची आंबेहळद परत गेली नाही. तिचे लोणचे घातले.