वाटीतलं मलम

नागपूरच्या थंडीला ओल माहीत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मे महिन्यात तोच पंचेचाळिशी ओलांडतो, आणि दोन्ही टोकांना हवा कोरडी ती कोरडीच. सक्करदऱ्यातल्या लेकरांच्या नडगीवर नख फिरवलं की पांढरी रेघ उमटते, गाल तांबडे होऊन खरखरतात, ओठांचे कोपरे उलतात. मग घरोघरी तेलाच्या बाटल्या निघतात. पण तेल कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही एवढंच. लहानग्यांची कातडी पातळ, तिच्यातली ओल लवकर जाते. म्हणून कोरड्याठक्क अंगावर तासभर तेल चोळण्यापेक्षा आंघोळीनंतर अंग नुसतं टिपून, ते ओलसर असतानाच हात फिरवलेला बरा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे जानेवारीत बाटलीत दगड आणि मेमध्ये पाणी. त्याला आवर घालायला मधमाश्यांचं मेण हवं. गंजात पाणी उकळत ठेवायचं, त्यात वाटी धरून मेण विरघळवायचं, त्यात खोबरेल ओतायचं. हिवाळ्यात सहा-सात भाग तेलाला एक भाग मेण, उन्हाळ्यात चार-पाच भागांना एक. गार झालं की मलम तयार.

आणि इथेच थांबायचं. घरच्या मलमाची सगळी मदार त्यात काय घातलं नाही यावर असते, असं माझं मत आहे. हात मात्र थांबत नाही. साय, मध, कोरफडीचा गर, गुलाबपाणी, लिंबू असं एकेक येऊन पडतं. ओलं काही पडलं की मलमात जंतूंची सोय झाली. बाजारच्या क्रीममध्ये पाणी असतं, तसंच ते नासू नये म्हणून घातलेलं द्रव्यही असतं. आपल्या वाटीत ते नसतं. तेलही कुठलंही चालत नाही. ऑलिव्ह तेल कातडीचं कवच दुबळं करतं, हे २०१३ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातांवर दिसलं. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. फल्लीच्या तेलाचं आणखीनच अवघड. ज्या मुलांच्या अंगाला शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावली होती, त्यांच्यात शेंगदाण्याची अॅलर्जी जास्त आढळली, असं २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी नोंदवलं. पोटात गेलेला पदार्थ शरीर ओळखीचा मानतं. उललेल्या कातडीतून शिरला तर शत्रू ठरवू शकतं.

यावर कोणी म्हणेल, बेसन आणि साय लावून पिढ्या वाढल्या. वाढल्या खऱ्या, पण ते ताजं कालवून, चोळून, लगेच धुतलं जायचं, डबीत महिनाभर ठेवलं जात नव्हतं. शिवाय ज्यांना त्याने खाज सुटली ती लेकरं या साक्षीला उभी नसतात! दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मग सरळ पेट्रोलियम जेलीच का नको? खुशाल घ्यावी, ती उत्तम काम करते आणि स्वस्तही असते. पण खोबरेलही कच्चं नाही. फिलिपीन्समध्ये ११७ मुलांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल खनिज तेलाहून सरस ठरलं.

तिसरा आक्षेप सक्करदरा चौकातूनच येईल, कारण शासकीय आयुर्वेद महाविद्यालय तिथेच आहे: शतधौत घृताचं काय? तांब्याच्या भांड्यात तूप घेऊन त्यावर पाणी घालायचं, तळहाताने फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, असं शंभर वेळा. हळूहळू तुपाचा पिवळेपणा जातो, रवाळपणा मोडतो, वासही जवळपास नाहीसा होतो, आणि हाताखाली पांढरं, लोण्यासारखं मऊ काही उरतं. घरच्या मलमांत याच्याइतकं देखणं दुसरं नाही. पण त्यात पाणी मुरलेलं असतं. म्हणून थोडंच करावं, लवकर संपवावं, आणि दुधाची अॅलर्जी असलेल्या मुलाला लावूच नये.

या कशानेही इसब टळत नाही. ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बाळांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावूनही इसबाचं प्रमाण कमी झालं नाही. मलम कोरडेपणापुरतं. चट्ट्यातून पाणी गळू लागलं, पिवळी खपली धरली किंवा खाजेने लेकराची झोप मोडू लागली, तर वाटी बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञाकडे जावं, आणि जाताना आतापर्यंत काय काय लावलं ते सगळं सांगावं, हळदीसकट.