उकळीत न गोठणारं प्रथिन

सह्याद्रीवर रिते झालेले ढग शिरूर-दौंडला पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं पाणी उरलेलं नसतं. कालवा आला तिथं ऊस आला. पाबळ, कान्हूर मेसाईकडच्या जिरायतीत मात्र रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरायची आणि जमलं तर त्याच ओलीवर काढायची. जानेवारीत रानाला भेगा पडतात, भर दुपारी पानं सुरळी करतात, तरी कणसात दाणा भरतो.

या चिवटपणामागे बरंच काही आहे. त्यातली एक गोष्ट म्हणजे डीहायड्रिन. पाण्याचा ताण बसला की ज्वारी हे प्रथिन बनवू लागते.

ते वेगळं काढायची रीत प्रथिनांवर काम करणाऱ्याला पहिल्यांदा धाडसाची वाटते. ताणातलं पान द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून कुटायचं, अर्क काढायचा आणि तो चक्क उकळायचा. बहुतेक प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसतात. डीहायड्रिन वरच्या नितळ पाण्यात राहतं. उष्णतेनं प्रथिनाची घडी उलगडते, आत दडलेले, पाणी टाळणारे भाग उघडे पडून एकमेकांना चिकटतात. म्हणून ते गोठतं. डीहायड्रिनला मुळात पक्की घडीच नसते, आणि त्याच्या साखळीत पाण्याची ओढ असलेली अमिनो आम्लं भरपूर असतात. उकळीनंतरची ती नितळ नळी कितीदाही पाहिली, तरी तिचं अप्रूप ओसरत नाही.

घडी नाही तर काम नाही, असंच प्रथिनांबद्दल दीर्घकाळ शिकवलं गेलं. पीटर राइट आणि जेन डायसन यांनी १९९९ साली या समजुतीचा फेरविचार मांडला: कित्येक प्रथिनांचे भाग सुटे असतात आणि जोडीदार रेणूला बिलगताना घडी घेतात. मक्याचं डीहायड्रिन हे त्याचंच उदाहरण. २००३ साली टिमोथी क्लोज यांच्या गटानं दाखवलं, की ऋणभारित फॉस्फोलिपिडांच्या सूक्ष्म पुटिकांना चिकटताना त्यातला सर्पिल भाग वाढतो. डीहायड्रिनांत सापडणारा १५ अमिनो आम्लांचा ‘के’ खंड इथं कळीचा ठरतो. सर्पिल झाल्यावर त्याची एक बाजू पाणी टाळणारी, दुसरी विद्युतभारित. पेशीपटलाला टेकायला अगदी जुळणारी. पाणी घटल्यावर पटलांना यातून आधार मिळतो, असा संशोधकांचा कयास आहे.

भरपूर पाणी मिळालेल्या पानात हे प्रथिन जेमतेमच सापडतं. त्यामुळे नमुना घ्यायचा तर रानातला मुरूम कुठं वर आलाय, ओल आधी कुठं तुटते, हे शेतकऱ्याला विचारावं लागतं. पिशव्यांवर क्रमांक पडतात ते त्यानंतरच.