चांदीचें बोट

दिवाळीच्या सुट्टींत आमच्या एका बेने-इस्रायल विद्यार्थ्याच्या वडिलांनीं आम्हांस कोंकणांतील आपल्या गांवीं बोलाविलें होतें. मुलास तेरा वर्षें पुरीं झालीं होतीं, व त्या वयाचा यहूदी मुलगा मंडळीपुढें तोरा, म्हणजे मोशेचीं पांच पुस्तकें, वाचण्यास पात्र होतो. हें जाहीर वाचन सोमवारीं, गुरुवारीं व शनिवारीं होत असतें. परंतु त्यासाठीं दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायल देशीं निघून गेल्यामुळें त्या गांवीं तेवढे उरले नव्हते. मुंबईहून आप्त आले तेव्हां संख्या भरली. सोमवारीं सकाळीं आम्ही त्यांच्या ‘मशिदीं’त (हे लोक आपल्या सिनेगॉगास पूर्वापार असेंच म्हणत आले आहेत) डोकें झांकून मागच्या बांकावर जाऊन बसलों.

कपाटांतून चर्मपत्राची गुंडाळी निघाली. तिच्याबरोबर वीतभर लांबीची एक चांदीची सळई होती. तिच्या टोकास इवलासा हात, आणि त्या हाताची तर्जनी तेवढी पुढें केलेली. हिब्रूंत हिला ‘याद’ म्हणतात. याद म्हणजे हात. आपल्या बोलण्यांतील ‘याद’ फार्सींतून आली, तिचा हिच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

मुलगा वाचूं लागला. चांदीचें बोट उजवीकडून डावीकडे, शब्दाशब्दाबरोबर सरकत होतें. त्या प्रतींत स्वरचिन्हें नसतात, विरामचिन्हेंही नसतात. मराठींत काना, मात्रा, वेलांटी, उकार सारें गाळून ‘पर’ एवढेंच लिहिलें, तर तें पार, पूर कीं पोर हें वाचणारानें आधींच पाठ करून यावें, तसा हा प्रकार. बाजूस एक वृद्ध गृहस्थ छापील पुस्तकांत पाहत उभे होते. मुलगा एके ठिकाणीं चुकला, तेव्हां त्यांनीं तो शब्द हलकेंच उच्चारला. सळई दोन शब्द मागें गेली व वाचन पुढें चाललें. कोणी डोळे वटारले नाहींत.

वाचन आटोपल्यावर, गुंडाळी मिटण्यापूर्वीं, त्या गृहस्थांनीं आम्हांस जवळ बोलावून अक्षरें दाखविलीं. तीं इतकीं काळींभोर व ठसठशीत होतीं कीं आमचें बोट आपोआप पुढें झालें. तोंच त्यांनीं सळई आडवी धरली.

“मास्तर, तें बोट नको. हें घ्या.”

शाई चर्मपत्रांत मुरत नाहीं, वरच वाळून बसते; हाताचा घाम व तेलकटपणा लागून ती सुटूं लागते. सबंध ग्रंथांत परंपरेनें ३,०४,८०५ अक्षरें मोजलेलीं आहेत, आणि त्यांतलें एक जरी तुटलें, तरी लेखनिक तें दुरुस्त करीपर्यंत ती प्रत वाचनास चालत नाहीं. उघड्या हातानें पत्रास न शिवण्याचा नियम प्राचीन आहे. सळई चांदीचीच हवी असें मात्र नाहीं. विधि करावयाचा तो सुंदर रीतीनें करावा, एवढ्यासाठीं चांदी. लांकडाच्या व हस्तिदंताच्याही सळया असतात. लोखंड टाळतात, कारण त्याचीं शस्त्रें होतात.

परतीच्या प्रवासांत आम्हांस आमचा रूळ आठवत होता. आम्ही पांचवीस मराठी शिकवितों. हायस्कुलांत आलेल्या मुलानें ओळीवर बोट ठेवून वाचणें हा पोरकटपणा, असा आमचा ग्रह. पहिल्या बांकावरील एक मुलगा नेहमीं तसें वाची. आम्ही रुळानें त्याचें बोट उडवीत असूं, व वर्ग हंसे. एकदां रूळ जरा जोरानें लागला. बोट गेलें कीं त्याची ओळ चुके, आणि ओळ चुकली म्हणून आम्ही पुनः रागावत असूं. त्या मशिदींत तर पांढऱ्या दाढीचे गृहस्थही बोटाच्या आधारानें वाचीत होते, व त्यांत कोणास कमीपणा वाटत नव्हता.

शाळा उघडल्यावर आम्ही त्या मुलास उभें केलें व म्हणालों, “बोट ठेव, बाळ, आणि वाच.”

त्यानें आमच्याकडे पाहिलें, मग मेजावरील रुळाकडे पाहिलें, आणि हात पाठीमागें नेला. त्या दिवशीं वाचतांना त्याच्या दोन ओळी गळल्या. रूळ आम्ही त्याच दिवशीं कपाटांत टाकला. पण त्याचें बोट पुस्तकावर परत यावयास नाताळची सुट्टी उलटून जावी लागली.