पोच घेतली का?

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात 'लीडरशिप आणि कम्युनिकेशन'चं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. ऑफिस सीबीडी बेलापूरला. ट्रेनर पुण्याहून आले होते, हसतमुख माणूस. समोरच्याच्या डोळ्यात बघून बोला, 'मी'ऐवजी 'आपण' म्हणा, नाही म्हणायचं असेल तरी आधी कौतुक करा, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. त्यातलं काही उपयोगाचंही होतं, खोटं कशाला बोलू. शेवटच्या तासाला प्रत्येकाने आपली ओळख तीन शब्दांत करून द्यायची होती. तेवढ्यात चहा घेऊन हाऊसकीपिंगच्या मावशी आत आल्या.

या मावशी बेलपाड्यात माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. रविवारी विहारात आम्ही एकत्र वंदना घेतो. त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला आणि ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. त्या मला सांभाळून घेत होत्या, हे मला कळलं. मी स्वतःला सांभाळत होते, हेही कळलं. लगेच माझी पाळी आली. मी उभी राहून म्हणाले, "संवेदनशील, निर्भीड, समूहनिष्ठ." टाळ्या पडल्या.

बेलापूरहून बेलपाडा मेट्रोने दोनच स्टेशनं. त्या दिवशी आम्ही एकाच डब्यात होतो. मावशींनी विचारलं, "दिवसभर काय शिकिवलं गं तुमाला?" मी म्हटलं, "बोलायचं कसं, ते." "तुला तर येतंय की. जयंतीला केवढं बोलतीस. मग आमच्या ठेकेदाराशी बोल."

त्यांच्या ठेकेदाराकडे तीन इमारतींत मिळून आमच्या भागातल्या अकरा बाया कामाला होत्या. दोन महिने सलग चार-चार दिवसांची मजुरी कापली गेली होती. हजेरी सुपरवायझरच्या मोबाईलमध्ये, त्यामुळे कोणते चार दिवस, ते कोणालाच ठाऊक नाही. पगारातून पीएफ कापला जात होता, पण तो खात्यात जमा होत होता की नाही, हे कोणी बघितलं नव्हतं. बऱ्याच जणींना आपला यूएएन नंबरच माहीत नव्हता.

मी समाजशास्त्रात एमए केलंय, दहा वर्षं सामाजिक कामात आहे आणि भाषण मला येतं. ठेकेदाराच्या माणसासमोर मी पंधरा मिनिटं बोलले. कंत्राटी कामगार कायदा, १९७० सांगितला. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कलम २१ सांगितलं. संविधान आलं, कष्टकऱ्यांचा सन्मान आला, मनुवादी मानसिकताही आली. अकरा जणी माझ्यामागे उभ्या होत्या. माझं संपल्यावर त्या माणसाने मोबाईलवरून मान वर केली आणि विचारलं, "मॅडम, कोणत्या तारखा?"

माझ्याकडे एकही तारीख नव्हती.

पुढच्या आठवड्यात दोघींची बदली लांबच्या इमारतीत झाली. त्यांना रोज चाळीस रुपये रिक्षाला जाऊ लागले. ते माझ्या भाषणाचं बिल होतं आणि ते त्या भरत होत्या. मावशी रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "तू बोलायलीस तवा तो मोबाईल बघत हुता. आमाला आधी इचारलं आसतंस तर तारखा आमी सांगितल्या आसत्या. मला तर तोंडपाठ हायत."

या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत राहिले. आपल्या चळवळीतल्या मित्रांना पुढचं आवडणार नाही कदाचित, पण लिहायला हवं. आपण बोलण्याचं शिक्षण म्हणजे भाषणाचं शिक्षण समजून बसलो आहोत. जयंतीला एक माईक आणि चाळीस वक्ते, त्यातले अडतीस पुरुष. प्रत्येकाचा घसा लाल. कामाच्या जागी मात्र हीच पोरं बैठकीत शेवटच्या खुर्चीवर बसून मान खाली घालतात. दोष त्यांचा नाही. ज्या घरात तीन पिढ्या ऑफिसची भाषा जेवणाच्या ताटावर बोलली जाते, तिथल्या मुलाला जो सहजपणा फुकट मिळतो, त्याला कॉर्पोरेटवाले 'कॉन्फिडन्स' म्हणतात. समाजशास्त्रात त्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आम्ही परीक्षेत त्यावर पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पण हे समजून घेतल्याने चार दिवसांची मजुरी मिळत नाही, तेही खरंच.

मग मी महाडकडे वळले. महाड आमच्याच रायगड जिल्ह्यात, दरवर्षी जातो, ओंजळभर पाणी घेतो, फोटो काढतो. २० मार्च १९२७ सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद मात्र आपण फारसे आठवत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी... नाही, सीताराम केशव बोले, म्हणजे एस. के. बोले (ही आद्याक्षरं मी दरवेळी चुकते), यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. हे सगळं कागदावरच राहिलं. पण तो कागद होता, म्हणूनच तळ्यावर गेलेली माणसं मंजूर झालेला हक्क वापरायला गेली होती.

आणि ती परिषद घडवली कोणी? बाबासाहेब अध्यक्ष होते. पण ती महाडला व्हावी म्हणून मागे लागणाऱ्यांत आणि गावोगाव निरोप पोचवणाऱ्यांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते, तेव्हा विशीतले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणून आपल्याकडे त्यांचं नाव जरा हळू आवाजात घेतात, हा वेगळा विषय. परिषदेला आलेल्या लोकांसाठी पाणीसुद्धा विकत घ्यावं लागलं होतं, चाळीस रुपयांचं. हा हिशेब कोणीतरी केला, पैसे जमवले, पाणी भरून ठेवलं. भाषणांच्या पुस्तकात ही कामं येत नाहीत.

नंतरचं तर अजून कंटाळवाणं आणि अजून महत्त्वाचं. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तळं खुलं करण्याचा ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये सनातन्यांनी दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, ते आपल्या लक्षात आहे. त्यानंतर तो दावा कोर्टाच्या एकेका पायरीवरून चालत राहिला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. तळ्यावर जायला एक दिवस लागला, पाठपुराव्याला दहा वर्षं. तारखा, नोटिसा, साक्षी. तळ्याच्या काठावर उभी राहून मी हे कधी कोणाच्या भाषणात ऐकलेलं नाही. माझ्या स्वतःच्याही नाही.

बाबासाहेबांना या कंटाळवाण्या कामाची किंमत माहीत होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातला भक्तीचा इशारा आपण नेहमी सांगतो. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाच्या कामकाजाचा दाखला दिला होता: बसण्याचे नियम, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान. बुद्धाचा संघ ही बैठक चालवायला शिकलेली माणसं होती. आणि जुलै १९५६ मध्ये, धम्मदीक्षेच्या तीन महिने आधी, प्रकृती ढासळलेली असताना, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. ती त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, मार्च १९५७ मध्ये बंद पडली. आपण पुतळे उभारले, आणि ते उभारायलाच हवे होते. ती शाळा मात्र पुन्हा उघडली नाही.

तर आम्ही बेलपाड्यात रविवारी वंदनेनंतर एक तास बसायला लागलो. शाळा वगैरे म्हणण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या रविवारी मी गप्प बसायचं, एवढंच ठरवलं होतं, आणि ते मला जमलं नाही. दुसऱ्या रविवारी मावशींनी वही आणली, साधी दुरेघी. त्यात तारीख, आत जायची वेळ, बाहेर पडायची वेळ, इमारत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं शेजारणीने लिहायचं आणि त्यांनी अंगठा नाहीतर खूण करायची.

तिसऱ्या रविवारी नावं तपासली. हे मुंबईच्या सफाई कामगारांकडून शिकलो. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेशी झगडून २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश मिळवला, एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो उचलून धरला. त्यातले बहुतेक आपलीच माणसं. आणि एवढं जिंकल्यावरही अनेक जण अडकले ते यादीतल्या नावाच्या स्पेलिंगवर. बापाचं नाव एकीकडे, आडनाव दुसरीकडे, एखादं अक्षर जास्त. आमच्या अकरांपैकी चौघींचं आधारवरचं नाव आणि पीएफचं नाव जुळत नव्हतं. एकीचं लग्नाआधीचं, एकीचं सुपरवायझरने ऐकून लिहिलेलं.

नंतर तालीम. मी ठेकेदार व्हायचं, मोबाईल बघत बसायचं. त्यांनी एकेक वाक्य बोलायचं. सुरुवातीला हसूनच बेजार. मग जमू लागलं. मजुरीचं एकीने बोलायचं, पीएफचं दुसरीने, आणि तिसरीने फक्त तो काय म्हणाला, ते लिहून घ्यायचं. अंगुत्तर निकायात चांगल्या बोलण्याची पाच लक्षणं सांगितली आहेत: वेळेवर, खरं, मृदू, हिताचं आणि मैत्रीभावाने बोललेलं. मावशींचं मत पडलं की ठेकेदाराच्या बाबतीत मैत्रीभावाचं नंतर बघू, पहिली दोन बास. मी वाद घातला नाही.

अर्ज सहा ओळींचा झाला. माझा मसुदा दीड पानांचा होता. दोन प्रती काढल्या. ठेकेदाराच्या ऑफिसातला मुलगा पोच द्यायला तयार नव्हता, "ठेवून जा, साहेबांना देतो," म्हणाला. मावशी खुर्चीवर बसल्या. "साहेबाला दे की बाळा. आमच्या कागदावर तुझी सही आन तारीख तेवढी टाक. शिक्का नसला तरी चालंल." पाऊण तास लागला. मी बाहेर जिन्यात उभी होते, आत जायचं नाही, असं ठरलं होतं. तो पाऊण तास मला त्या पंधरा मिनिटांच्या भाषणापेक्षा जड गेला.

नऊ जणींची कापलेली मजुरी पुढच्या पगारात आली. दोघींची नाही आली, त्यांची वही मधे दहा दिवस कोरी होती. पीएफचं प्रकरण अजून चालू आहे. लांब बदली झालेल्या दोघींपैकी एकीने कंटाळून काम सोडलं, तिचं मी काही करू शकले नाही.

माझ्या ऑफिसातही एक बदल झाला. पूर्वी बैठकीत मी मांडलेला मुद्दा अर्ध्या तासाने दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून यायचा आणि त्याचा होऊन जायचा. मी चिडले की 'तुमचा टोन जरा ॲग्रेसिव्ह वाटतो' असं ऐकायला मिळायचं. आता बैठक संपली की मी सगळ्यांना चार ओळींचा मेल टाकते: कोणी काय मांडलं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. वरिष्ठ एकदा म्हणाले, "एवढं फॉर्मल कशाला, आपण फॅमिली आहोत." मी हसले आणि मेल टाकला. चहाची वेळ झाली की मावशींना मी आता नावाने हाक मारते, सगळ्यांसमोर जय भीम म्हणते. पहिल्या दिवशी खोलीत जी शांतता पसरली, ती मी इथे लिहीत नाही. मावशी जय भीम म्हणाल्या आणि कप ठेवून गेल्या.

आणखी एक गोष्ट झाली, जी मी ठरवली नव्हती. गेल्या महिन्यात त्या बायांनी आमच्या विहाराच्या कमिटीला अर्ज दिला. जयंतीची वर्गणी किती जमली, मंडप आणि डीजेवर किती गेली, मुलींच्या अभ्यासिकेसाठी ठेवलेले पैसे कुठे आहेत. सहा ओळी, दोन प्रती. कमिटीतले एक ज्येष्ठ माझ्याकडे आले आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "ताई, आपल्याच माणसांकडे लेखी मागायचं असतं का? तोंडी विचारलं असतं तर सांगितलं नसतं का आम्ही?" मी त्यांना खूप मानते. पावसाळ्यात रात्री-बेरात्री लोकांच्या मदतीला धावणारा माणूस. तरी मी विचारलं, "काका, पोच दिलीत का?"

दिली नव्हती. मावशी रोज वंदनेनंतर त्यांच्या शेजारी जाऊन बसतात आणि कागद पुढे करतात. कमिटीची बैठक येत्या रविवारी ठेवली आहे. त्या बैठकीचं इतिवृत्त कोण लिहिणार, यावरून आत्तापासूनच वाजलंय.