कालव्याकाठी, खडीवरून

गोव्याच्या डिचोली तालुक्यात कुठून फिरून आलात, हे सायकलच्या साखळीवरून सांगता येतं. सड्यावरची धूळ जांभ्याची, भगवट आणि हलकी. फुंकर मारली की गेली. खाणीकडची धूळ जड, कारण तिच्यात लोखंड जास्त. रंगाने काळपट तांबडी, उन्हात धरली तर कणाकणाला बारीक चकाकी. साखळीच्या तेलात मिसळून तिचा लगदा होतो आणि कड्यांच्या फटीत असा बसतो की रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन ओट्यावर मांडी ठोकल्याशिवाय सुटत नाही. खाणींच्या शिरगावाहून आलेली सायकल मी डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून ओळखेन.

अशा वाटांसाठी आता वेगळी सायकल मिळते. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वळलेलं, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद, ब्रेक डिस्कचे आणि गिअर चढावर दम न काढणारे. जगात तिचं मोठं प्रस्थ आहे. अमेरिकेतल्या कॅन्सासच्या गारगोट्यांच्या रस्त्यांवर २००६ पासून तिची मोठी शर्यत होते. इटलीच्या तोस्काना प्रांतात पांढऱ्या मातीचे रस्ते आहेत. त्यांच्यावर डांबर पडू नये म्हणून १९९७ मध्ये काही लोकांनी जुन्या सायकली बाहेर काढल्या आणि ‘लेरोइका’ नावाची फेरी सुरू केली. पुढे २००७ मध्ये तिथेच व्यावसायिकांची ‘स्त्रादे बियांके’ ही शर्यत आली. रस्ता कच्चा राहावा म्हणून माणसांनी धडपड करावी, हे आपल्याकडच्या सरपंचाला सांगून बघा. तो आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या हेल्मेटकडे बघेल.

आमच्याकडचे रस्ते लाल. आणि एके काळी ते मोकळे झाले, त्यात कुणाच्या धडपडीचा भाग नव्हता. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर जात होतं. डिचोली-साखळीच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला हा आकडा वाचावा लागत नव्हता, तो घरासमोरून जायचा. टिप्परमागे टिप्पर, त्यांच्यामधून वाट काढणारी शाळेची पोरं, माडांच्या झावळ्यांवर लाल थर. सायकल घराच्या मागच्या पडवीत उभी असायची. मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. मधे थोडं सुरू झालं. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं शांत.

त्या शांततेत मी पायडल मारायला शिकलो असं म्हटलं तरी चालेल. पाच-सहा मीटर रुंद, टिप्परांच्या वजनाने ठोकून ठोकून सिमेंटसारखी झालेली खडीची वाट. वरून मुरमाचा पातळ थर, टायरखाली भाकरी भाजताना येतो तसा करकर आवाज. एका बाजूला टाकाऊ मातीचे डंप, त्यांच्यावर खाणवाल्यांनीच लावलेली अकेशियाची झाडी. दुसऱ्या बाजूला खंदक, आणि त्यात साचलेलं हिरवंनिळं पाणी. परगावचा कुणी बघेल तर तळंच म्हणेल, फोटो काढेल. पण शिरगावचा माणूस त्या पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या तशा गावातल्या विहिरी आटल्या होत्या, गाव न्यायालयापर्यंत गेलं होतं. विहिरीतलं पाणी कुठे गेलं, हे त्या खंदकाच्या काठावर उभं राहिलं की दिसतं.

आणि वाटेत आंब्याखाली उभे टिप्पर. कर्जाने घेतलेले. टायरांत वारा नाही, बोनेटवर वाळकी पानं, चाकांमधून वर आलेलं गवत. मोकळ्या रस्त्याचा आनंद लुटताना त्यांच्याजवळून जायला मला नेहमी संकोच वाटे. एकदा असाच एक मालक ओट्यावर बसला होता. म्हणाला, “तुमकां बरें दिसता न्हय?” खोचक होतं की साधं, अजून ठरवता आलेलं नाही. बरं वाटत होतं, हे मात्र खरं.

२०२२ च्या डिसेंबरात डिचोली आणि शिरगावच्या पट्ट्यांचा नव्याने लिलाव झाला. २०२४ मध्ये डिचोलीची खाण परत चालू झाली. त्या वाटांवर आता माझं काम नाही. मी उत्तरेला वळतो, अस्नोड्याच्या दिशेने, तिळारीच्या कालव्याकडे.

तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांचा एकत्र प्रकल्प. धरण दोडामार्ग तालुक्यात, पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. उजव्या तीराचा कालवा पेडण्याकडे जातो, डाव्या तीराचा डिचोलीतून बार्देशकडे. म्हापशाच्या नळाला येणारं पाणी अस्नोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पातून येतं आणि तो प्रकल्प या कालव्यावर बराचसा विसंबून असतो. हे सगळं सरकारी माहितीपत्रकातलं. सायकलवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे: कालव्याला चढ चढता येत नाही.

पाणी आपल्या वजनाने वाहायचं तर उतार हवा, पण इतका बारीक की डोळ्याला दिसू नये. म्हणून कालवा डोंगराला भिडत नाही, त्याच्या कमरेभोवती फिरतो. डोंगराचं नाक आलं की बाहेर येतो, घळ आली की आत शिरतो, ओहोळ फार खोल असेल तर सिमेंटच्या पन्हळीतून पलीकडे जातो. आणि त्याच्या काठाने, देखभालीच्या जीपसाठी ठेवलेली मुरमाची वाट त्याचं ऐकते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या चढउतारांच्या मुलुखात मैलोगणती सपाट चालणारा कच्चा रस्ता दुसरा नाही. डांबरी रस्त्यावर ज्या टेकडीने फेस आणला असता, तिच्याभोवती तुम्ही गप्पा मारत फिरून येता.

डोंगराच्या नाकावर ऊन असतं. तिथे काजूची बागायत, मार्चमध्ये पिकल्या बोंडूंचा आंबूस वास आणि खाली कुठेतरी भट्टीचा धूर. घळीत वळलात की हवा एकदम बदलते. मानेवरचा घाम गार होतो. तिथे कुळागर असतं. सुपारीच्या खोडांवर मिरवेल, दगडी पाट, पानांतून झिरपणारा हिरवट उजेड. चाकाचा आवाजसुद्धा बदलतो, कारण सावलीतला मुरूम ओलसर असतो. पुन्हा नाक, पुन्हा ऊन. सकाळभर हेच चालतं. घळीतल्या उंच झाडावरून धनेशाची जोडी उडाली तर पंखांचा फडफडाट पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो. मोटारीत बसलेल्याला तो कधीच ऐकू येणार नाही.

वाट रिकामी म्हणजे निर्मनुष्य नव्हे. म्हशी असतात, आणि म्हशींच्या मागे काठी घेतलेली एखादी आजी. “खंय वता रे पुता?” उत्तर द्यावंच लागतं, आणि “असाच फिरतोय” हे उत्तर तिला पटत नाही. फिरायला कारण लागतं. याच मुलुखातून वैशाखात लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, चालत शिरगावला जातात, गळ्यात मोगऱ्याच्या माळा, हातात वेताची काठी. पंचमीच्या रात्री होमखणातल्या निखाऱ्यांवरून चालण्यासाठी. त्यांच्या चालण्याला कारण आहे. एरवी रिकामा असलेला शिरगावचा रस्ता त्या रात्री माणसांनी फुटायला येतो. ३ मे २०२५ च्या पहाटे त्या गर्दीत उतारावर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. तेव्हापासून त्या उतारावरून खाली येताना मी ब्रेक सोडत नाही. वेगाची मजा तिथे नको वाटते.

पेडण्याकडचा उजवा कालवा मला थोडा कमी आवडतो. वाट तशीच, पण मोपाच्या सड्यावरच्या नव्या विमानतळावर २०२३ च्या जानेवारीत विमानं उतरू लागल्यापासून त्या तालुक्यात जमिनीचे दलाल धनेशांपेक्षा जास्त दिसतात.

कालव्याची वाट डांबरी करून तिला कठडे, दिवे आणि ‘पर्यटन मार्ग’ असा फलक लावावा, असं कधीतरी कुणाच्या तरी डोक्यात येईलच. वाड्यावरच्या लोकांना पक्का रस्ता हवा असतो, तो त्यांचा हक्कच. आजारी माणसाला डिचोलीला न्यायचं तर मुरूम नको, डांबरच हवं. पण कालव्याच्या काठावर कुणी राहत नाही. तिथे डांबर पडलं की आधी मोटारसायकली येतील, मग बाटल्या, मग कालव्यात बाटल्या. आणि तेच पाणी म्हापसा पितो.

तेव्हा यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत या, सकाळी लवकर. पावसाळ्यात नको, कालव्याचे काठ तेव्हा भुसभुशीत असतात आणि हा कालवा फुटल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. दोन ट्यूब आणि पंप घ्या, वाटेत दुकान नाही. खाणीच्या खंदकात उतरू नका, पाणी कितीही निळं दिसलं तरी. म्हशीला आधी वाट द्या. आणि या वाटेवर डांबर घाला म्हणून कुणी अर्ज घेऊन दारात आला, तर त्याला चहा पाजा, पण सही करू नका.