पडद्यावरचे शून्य

संगणकात कुणालाही न दिसता सतत राबणाऱ्या प्रोग्रामला 'डिमन' म्हणतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हे नाव पडले. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने रेणू निवडत बसणारा एक अदृश्य 'डिमन' कल्पिला होता, त्यावरून. आमच्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी अशा कामकऱ्याला सरळ जिन म्हटले असते.

आम्ही रात्रपाळीत डेटाबेस सांभाळणारी माणसे. मायएसक्यूएलमध्ये मूळ सर्व्हरवरची प्रत्येक नोंद दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे प्रतीवर, उतरत राहते. प्रतीवर दोन कामकरी असतात. एक मुळाकडून नोंदी आणून ठेवतो, दुसरा त्या तक्त्यांत भरतो. 'शो रेप्लिका स्टेटस' असे विचारले की दोघांपुढे 'यस' येते आणि प्रत किती सेकंद मागे आहे तो आकडाही येतो. दोन 'यस' आणि एक शून्य दिसले की नवखा माणूस निर्धास्त होतो.

पण दुसरा कामकरी पहिल्याच्या किती मागे आहे, एवढेच ते शून्य सांगते. नेटवर्क मंद असेल, नोंदी पहिल्याच्याच हाती उशिरा पडत असतील, तर दुसरा रिकामा बसतो आणि पडद्यावर शून्य झळकते.

कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या मृत्यूचा उल्लेख आहे. काठीच्या आधाराने देह उभा राहिला आणि ते पाहत आहेत असे समजून जिन राबत राहिले. किड्याने काठी पोखरली, देह खाली आला, तेव्हा त्यांना कळले. आमच्याकडे उलट घडते. पाहणारे जागे असतात, कामकरी नुसता उभा असतो.

म्हणून 'चालू आहेस का?' एवढ्यावर आम्ही थांबत नाही. मूळ सर्व्हरवर एका लहान तक्त्यात दर सेकंदाला वेळ लिहिली जाते. प्रतीवर कोणती वेळ पोहोचली ते आम्ही वाचतो. दोन्हीकडची घड्याळे जुळलेली असली की मधले अंतर खोटे बोलत नाही.

मूळ सर्व्हर कायमचा बंद पडला, तर प्रतच मूळ होते. ती चाळीस मिनिटे मागे असेल, तर तेवढ्या वेळात कुणी भरलेले पैसे, कुणाच्या औषधाची नोंद नाहीशी होते. ती माणसे आम्हाला कधी भेटणार नाहीत, पण त्यांची अमानत आमच्याकडे असते. अमानत दारातून हाक मारून तपासता येत नाही. गाठोडे सोडून मोजावी लागते.