सावली राखून

मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस एकेक दुपार अशी येते, की उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखाली जाते. शून्य सावलीचा दिवस. खगोलप्रेमी मंडळी त्या दिवशी मैदानात काठ्या रोवून मुलांना हे दाखवतात. फोटो काढणाऱ्याने त्या दुपारी माणसांचे चेहरे पाहावेत. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली मिशीसारखी सावली, कपाळ आणि गालांची हाडं पांढरीफटक. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी दहा ते दुपारी चार थोड्याफार फरकाने हेच चालतं, आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच. मुहूर्त साडेबाराचा, आणि लगेच मांडवाबाहेर ग्रुप फोटो.

अशा वेळी मी माणसांना ओसरीच्या नाहीतर झाडाच्या सावलीच्या काठावर उभं करतो. खूप आत नेत नाही. काठावर असलं की तापलेल्या अंगणावरून उसळलेला उजेड समोरून, थोडा खालून चेहऱ्यावर येतो आणि डोळ्यांत चमक धरते. सारवलेल्या अंगणातून येणारा उजेड पिवळसर, शहाबादी फरशीवरून येणारा करडा. दोन्ही चालतात. न चालणारा उजेड एकच: निळ्या ताडपत्रीखालचा. त्यात माणूस आजारी दिसतो आणि पुढे कितीही एडिटिंग केलं तरी तो निळेपणा मानेखाली उरतोच.

*

संध्याकाळचं सोनेरी ऊन आपल्याकडे टिकत नाही. त्याला कारण आहे. आपण १५ ते २२ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात राहतो; इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास क्षितिजावर सहा अंश असलेला सूर्य मुंबईत पंचवीसेक मिनिटांत बुडतो. लंडनमध्ये तो तिरका घसरत जातो, म्हणून तेवढ्याच अंतराला चाळीसेक मिनिटं घेतो, आणि जूनमध्ये त्याहून जास्त. युरोपातल्या पुस्तकांत ‘गोल्डन अवर’ वाचून आपण तासाचा हिशेब धरला तर पंचाईत होते. जागा आधी ठरवून ठेवायची, माणूस आधी उभा करायचा, आणि मग उन्हाची वाट पाहायची.

*

सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडी. त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री. कॅलेंडरांवरून ते घरोघर पोचलं, पण बऱ्याच जणांना ते रविवर्म्याचं वाटतं. त्यातली स्त्री चित्रकाराची मुलगी आहे, आणि काम जलरंगातलं आहे, हे कळल्यावर पुन्हा पाहावंसं वाटतं.

मी नवशिक्यांना कॅमेऱ्याआधी हे चित्र दाखवतो. दिव्याची ज्योत आपल्याला दिसत नाही. त्या स्त्रीने दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आहे. उजेड कुठून येतो ते कळतं, तो उजेड स्वतः दिसत नाही. बोटांच्या फटींतून आणि कडांतून तो लालसर केशरी होऊन झिरपतो, कारण बोटांतलं रक्तमांस त्यातला तांबडाच काय तो पुढे जाऊ देतं. मग चेहरा. उजेड खालून आहे, तरी चेहरा भेसूर होत नाही, कारण दिवा छातीपाशी, थोडा पुढे धरलेला आहे आणि नजर खाली आहे. मग साडी. ज्योतीपासून जितकं दूर जावं तितका तिचा रंग बुडत जातो. दिवा वीतभर अंतरावर जेवढा उजळतो, दोन वितींवर त्याच्या चौथाईच. छोट्या दिव्याचा उजेड असाच झपाट्याने संपतो, आणि तो संपण्यातच त्या साडीचा सगळा घाट आहे.

आता दिवाळीतले आपले फोटो काढून बघा. पणती मधोमध, ज्योत म्हणजे पांढरा डाग, मागे ट्यूबलाइट चालू, मुलीचा चेहरा एकसारखा उजळलेला. पणतीने काही केलेलंच नाही. ट्यूब बंद करा, ज्योत तळहाताआड जाऊ द्या, आणि फोनच्या पडद्यावर मुलीच्या गालावर बोट टेकवून उजेड एक-दोन पायऱ्या खाली ओढा. भिंत काळी पडेल. पडू द्या.

*

म्हैस आणि धोतर.

कॅमेऱ्यातला उजेडमापक असं धरून चालतो, की समोरचं जग सरासरीने मध्यम करडं आहे. त्यासाठी उजेडाच्या साधारण १८ टक्के परावर्तनाचं माप वापरायची पद्धत आहे. त्यामुळे फ्रेमभर म्हैस असली की तो तिला उजळून राखाडी करतो, आणि फ्रेमभर वारकऱ्यांची धोतरं-सदरे असले की त्यांना मळवून राखाडी करतो. म्हशीला उजेड एक-सव्वा पायरी (स्टॉप) कमी द्यायचा, धोतराला तेवढाच जास्त. आताचे फोन बरेच शहाणे झालेत, दृश्य ओळखून दुरुस्ती करतात. पण काळं काळं राहावं आणि पांढरं पांढरं, हे ठरवायचं काम अजून माणसाचंच आहे.

*

फोनबद्दलच आणखी एक. हल्लीचे फोन एका दाबात वेगवेगळ्या एक्स्पोजरचे अनेक फोटो घेऊन त्यांचा एक बनवतात. आभाळही दिसतं, दाराआडचा कोनाडाही दिसतो. कागदपत्रांसाठी, घटनेच्या पुराव्यासाठी हे उत्तम. पण वाड्याच्या माजघराचा फोटो असा काढला की तिथला अंधार जातो, आणि माजघर म्हणजे अंधारच तर होता. दारातून आलेली उन्हाची एक पट्टी, तिच्यात तांब्याच्या घंगाळाचा काठ, बाकी काही नाही, असं ते असतं. फोनने कोपऱ्यातली केरसुणी, सिलिंडर, मोबाइलचा चार्जर सगळं सारख्या मायेने दाखवलं. नजर कुठे ठेवायची ते पाहणाऱ्याला कळेनासं झालं. सावली मांडणीचं हे काम करते. नको ते झाकते. सावली उपसून काढली की मग ते काम क्रॉप करून, मागचं धूसर करून, हजार खटपटींनी करावं लागतं.

*

एक तृतीयांशाचा नियम. प्रत्येक फोनच्या पडद्यावर त्याच्या रेघा आहेत. हा नियम या नावाने लिहून ठेवणारा जॉन थॉमस स्मिथ, साल १७९७, ग्रामीण देखाव्यांवरच्या एका इंग्रजी पुस्तकात. कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा, आणि निसर्गचित्रांसाठी सांगितलेला. वाईट नियम नाही. पण दिवेघाटातली वारी तो पाळून काढली की सगळ्यांचे फोटो सारखे येतात: वरून, वळणावळणाचा रस्ता, खालच्या तिसऱ्या भागात गर्दी, वर पावसाळी आभाळ.

मी आधी चार कोपरे बघायला सांगतो. मधलं आपोआप बघितलं जातंच. कोपऱ्यात कापला गेलेला हात, अर्धी चप्पल, विजेच्या खांबाचा तुकडा, हे सगळं तिथेच येऊन बसतं.

छायाचित्रकार रघुबीर सिंग यांच्या फ्रेममध्ये मात्र कोपरेही भरलेले असतात आणि तरी गोंधळ होत नाही. जन्म जयपूरचा, लघुचित्रांच्या मुलखातला माणूस. लघुचित्रात जसा गच्चीवर एक प्रसंग, अंगणात दुसरा, दाराबाहेर तिसरा, तसं त्यांच्या फोटोत एकाच वेळी अनेक ठिकाणी काही ना काही चाललेलं असतं. मुंबईवरच्या त्यांच्या पुस्तकात (१९९४) दुकानांच्या काचा आणि त्यांतली प्रतिबिंबं यांनी रस्त्याचे थर एकावर एक चढवले आहेत. नजर एका जागी ठरत नाही, आणि भुलेश्वर-झवेरी बाजारात चालताना ती ठरत नाहीच. या माणसाला एक तृतीयांश शिकवायला कोण जाईल?

रघू राय यांचा चर्चगेट स्टेशनचा फोटो, १९९५. गर्दी धूसर होऊन वाहते आहे, आणि मधे मोजकी माणसं शांतपणे पेपर वाचत बसली आहेत. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलेलं. हलणारा पुसला गेला, थांबलेला राहिला. मांडणी माणसांना हलवून केलेली नाही, वेळ लांबवून केलेली आहे.

*

पाऊस. ढगाळ आभाळ म्हणजे सगळीकडून सारखा झिरपणारा उजेड. सावल्या जवळजवळ नाहीत. मग राखायची काय? रंगाची खोली. कोरड्या पानावर, कोरड्या मातीवर उजेड इतस्ततः विखुरतो आणि त्याचा एक पांढुरका थर रंगावर बसतो. पाण्याची पातळ साय चढली की ते विखुरणं कमी होतं आणि रंग गडद होतो. जांभा दगड मेमध्ये विटकरी आणि जुलैत जवळजवळ रक्तासारखा दिसतो तो याच कारणाने.

रघुबीर सिंग यांचाच १९६७ चा फोटो आहे, बिहारमधल्या मुंगेरचा. चार बायका पावसात एकमेकींना बिलगून उभ्या, साड्या भिजून अंगाला चिकटलेल्या. मागचं सगळं करडं. त्या करड्यामुळेच साड्यांचे रंग इतके बोलतात. भारत रंगांतच पाहावा लागतो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ‘रिव्हर ऑफ कलर’ या १९९८ च्या पुस्तकात त्यांनी ते सविस्तर मांडलं. ज्या काळात रंगीत फोटो म्हणजे जाहिरात आणि गंभीर फोटो म्हणजे कृष्णधवल अशी समजूत होती, त्या काळात ते कोडॅक्रोम फिल्म भरून गंगेकाठाने हिंडत होते. कोडॅक्रोम २००९ मध्ये बंद झाली. तिचे दाट लाल आणि खोल काळे अजून कुठल्या फिल्टरला नीट जमलेले नाहीत, असं मला वाटतं.

कासच्या पठारावर सप्टेंबरात लोक ऊन पडायची वाट पाहतात. उलट करावं. ढग आला की बसावं आणि काढावं. तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा उन्हात फिका पडतो.

*

रंग एका जागी राहत नाही; शेजाऱ्यावर सांडतो. झेंडूचा हार गळ्यात असला की हनुवटीखाली केशरी चढतो. पिस्ता रंगाच्या भिंतीपाशी उभी असलेली आजी एका गालाने हिरवी दिसते. हळदीच्या कार्यक्रमात तर सगळेच एकमेकांना पिवळे करतात, आणि कॅमेऱ्याला वाटतं की दिव्याचाच दोष आहे, म्हणून तो आपणहून निळं मिसळतो आणि हळद मरते. तिथे ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करावा. बल्ब २७०० ते ३००० केल्विन, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, सावली सात हजारांच्या पुढे, एवढं लक्षात ठेवलं की हाताने लावता येतं.

पैठणी. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. म्हणून एकाच साडीत चुणीच्या एका बाजूला जांभळा आणि दुसऱ्या बाजूला हिरवा. विणकराने येवल्याला मागावर बसून केलेलं हे काम समोरून मारलेला फ्लॅश एका क्षणात घालवतो. सपाट, एकरंगी कापड उरतं. खिडकी एका अंगाला घ्या आणि नेसणारीला सावकाश वळायला सांगा. एका ठरावीक कोनात पदराच्या घड्या दोन रंगांत फुटतात. जरीचं वेगळंच: धातूची असल्याने ती समोर जे असेल त्याचा रंग घेते. समोर पांढरा पडदा असेल तर सोन्याची जर फिकट दिसते. पडद्याजागी पिवळसर चादर धरली की सोनं परत येतं.

*

अजिंठा. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या नकला करत होता. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने कॅमेराही वापरला आणि १८६४ मध्ये त्याचे लेण्यांचे फोटो पुस्तकरूपाने आले. त्या काळच्या फोटोच्या काचेवर आतली भित्तिचित्रं धरणं फार कठीण होतं. उजेडच पुरत नसे.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याची सावली कुठेही पडलेली नाही. उजेड एका दिशेने येतो असं चित्रकाराने मानलेलंच नाही. नाकाच्या दांड्यावर, हनुवटीवर उजळ रंग, कडांकडे गडद. आकार आतून फुगून आल्यासारखा. आत फ्लॅशला बंदी आहे ते बरंच आहे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. गाइड पाच मिनिटांत पुढच्या लेण्याकडे वळतो. थांबण्याची सोय असेल त्याने थांबावं; आधी मुकुट दिसतो, मग मागची माणसं, आणि बऱ्याच वेळाने मागची पानं.

*

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो कृष्णधवल काढले. रंगात काढले असते तर कचऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या लाल-निळ्या पिशव्यांनी नजर पळवली असती. इथे माणसाची पाठ, ओला हात, गटाराचं तोंड, एवढंच उरतं. रंग काढून टाकणं हासुद्धा रंगाविषयीचा निर्णय असतो, आणि तो फोटो काढण्याआधी घ्यावा लागतो. फसलेला रंगीत फोटो नंतर कृष्णधवल करून वाचवण्याची सवय मला पटत नाही.

*

लग्नाचे अल्बम, आणि ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं तो विषय.

रंगीत फिल्म आणि तिच्या छपाईची यंत्रं अनेक वर्षं एका गोऱ्या बाईच्या फोटोवरून जुळवली जात. त्या नमुन्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा बरोबर आली की झालं. सावळ्या चेहऱ्यांतले बारकावे त्या रसायनांत काळोखात बुडून जात, आणि मग स्टुडिओवाले जास्त उजेड मारून त्याची भरपाई करत. रसायनं गेली, पण ती सवय सॉफ्टवेअरमध्ये आली. अल्बममध्ये नवरी, तिची आई, आत्या, करवली सगळ्या एकाच पिठूळ रंगाच्या. नवरीच्या हातावरची हळद नाहीशी झालेली, मुंडावळ्यांची कपाळावरची नाजूक सावली नाहीशी झालेली.

सावळ्या त्वचेला उजेडाचा मारा लागत नाही, दिशा लागते. एका बाजूने मोठी खिडकी, दुसऱ्या बाजूला काहीही पांढरं न धरता. गालाच्या हाडावर उजेड सरकतो, आणि त्या सरकण्यातून चेहरा घडतो. गोऱ्या त्वचेवर हाच उजेड इतका तकाकत नाही, हे मी अनेकांना शेजारी शेजारी बसवून दाखवलं आहे. फोटो काढण्याआधी ‘ब्यूटी’चा पर्याय शून्यावर आणावा, आणि काढणारा दुसरा कोणी असेल तर तसं स्पष्ट सांगावं, आगाऊ रक्कम देतानाच.

अल्बम छापायला जाण्याआधी एक पान नमुन्याला मागून घ्या. घराच्या दारात, दिवसाच्या उजेडात, मुलीच्या मनगटाशेजारी धरा. दोन्ही रंग जुळत नसतील तर पान परत पाठवा, आणि जुळेपर्यंत पाठवत राहा.